आईचं 'जिलबी म्युझियम'

कोरांटी

गणपती आटोपून आई सांगलीहून आमच्याकडे आली. आम्ही निशी-कासाईत राहतो, म्हणजे टोकियोत असूनही भाजी घेताना मागच्या रांगेतून "कांदे महागलेत ना" असं मराठीत ऐकू येतं तो भाग. ती यायच्या आधीच १० सप्टेंबरला सकाळी दहाला लॅपटॉप, माझा फोन, नवऱ्याचा फोन असे तिन्ही घेऊन बसले होते आणि जिब्ली या जपानी कार्टून-सिनेमांच्या स्टुडिओच्या म्युझियमची ऑक्टोबरची चार तिकिटं मिळवली होती. लेक आठ वर्षांची, तोतोरोवेडी (त्यांच्या सिनेमातला जंगलातला गुबगुबीत प्राणी), तिच्यासाठीच सगळं. आईला फक्त सांगितलं की कार्टूनचं म्युझियम आहे, तू बाहेर बागेत बसलीस तरी चालेल. आई म्हणाली, "जिलबी म्युझियम? चालेल की." तेव्हापासून घरात तेच नाव पडलंय.

आई ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवायची. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला तिने किती पोरं बसवली त्याचा हिशोब नाही. जिब्लीचे दिग्दर्शक मियाझाकी वगैरे तिला काही माहीत नाही, एकही सिनेमा पाहिलेला नाही. हे आधी सांगते कारण पुढे सगळं तिच्याबद्दलच येणार आहे, म्युझियमबद्दल लिहायला बसले आणि असं झालं.

आमच्या इथून तोझाई लाईनच्या काही गाड्या थेट मिताकापर्यंत जातात, गाडी बदलायची भानगड नाही. मिताका स्टेशनच्या दक्षिणेकडून बाहेर पडलं की तामागावा जोसुईच्या कडेकडेने पंधरा मिनिटं चालायचं. जोसुई म्हणजे १६५३ साली एदो (म्हणजे आजचं टोकियो) शहराला पाणी द्यायला खणलेला पाट, आता दोन्ही बाजूंना इतकी झाडी आहे की पाणी दिसायला वाकून बघावं लागतं. वाटेत अंतर दाखवणाऱ्या पाट्यांवर तोतोरो आहे, लेक प्रत्येक पाटीला हात लावून पुढे. बस पण आहे स्टेशनवरून, पण हवा छान असेल तर चालाच.

दारात एक तिकीटखिडकी दिसते, आत भला मोठा तोतोरो बसलाय आणि खालच्या गोल काचेतून काजळीचे काळे गोळे डोळे वटारून बघतायत. ती खोटी खिडकी. खरं दार पुढे. तिथे पासपोर्ट बघितला, नाव जुळवलं, आणि आत गेल्यावर आपल्या रिझर्वेशनच्या बदल्यात खरं तिकीट देतात ते म्हणजे ३५ एमएमच्या फिल्मच्या तीन फ्रेम्स, कागदी चौकटीत बसवलेल्या. कुठल्या सिनेमाच्या ते तुमच्या नशिबावर. लेकीला छोटी चेटकीण किकी आली झाडूसकट. मला गवत आलं. तीन फ्रेम, तिन्हीत गवत, उजेडाकडे धरून धरून बघितलं, गवतच. आईने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "तिसऱ्यात वारा आलाय बघ." आणि खरंच हो, तिसऱ्या फ्रेममधलं डावीकडचं पातं जरासं कललेलं होतं!

आत फोटो काढायला बंदी आहे हे सगळ्यांना माहीत असेलच. मला आधी राग आला होता, एवढे पैसे घालून यायचं आणि फोटो नाही. आणि आत ठरलेला रस्ता पण नाही, बाण नाहीत, आधी हे बघा मग ते बघा नाही. म्युझियमचं ब्रीदच आहे की या, मिळून हरवू या. लोखंडी गोल जिना, वरून जाणारे पूल, एवढीशी दारं ज्यातून फक्त पोरं जातील. पहिल्या दहा मिनिटांत नवरा आणि लेक हरवले, मी आणि आई उरलो.

तळमजल्यावर एक अंधारी खोली आहे, चित्र हलायला कशी लागली ते दाखवणारी. मध्ये गोल फिरणारी चकती, त्यावर तोतोरो, दोरीवरच्या उड्या मारणारी मुलगी, पळणारी मांजर-बस, सगळ्यांच्या छोट्या छोट्या मूर्ती, प्रत्येक मूर्ती आधीच्यापेक्षा किंचित वेगळ्या पोझमध्ये. चकती फिरायला लागली की आधी सगळं नुसतं फिस्कटलेलं दिसतं आणि मग दिवा भराभर उघडझाप करायला लागतो आणि एकदम, अक्षरशः एकदम, तोतोरो उड्या मारायला लागतो. आई दर फेरीला "थांब, अजून एकदा" म्हणत होती. चार वेळा झालं. माझ्या शेजारी एक जपानी आजोबा होते तेही हललेच नाहीत.

मग वरच्या मजल्यावर ती खोल्यांची रांग, सिनेमा कुठे जन्मतो ते दाखवणारी. आणि इथे आमची आई गेली ती गेलीच.

खोली म्हणजे कुणीतरी आत्ताच काम टाकून चहाला उठलंय अशी. छताला विमानं टांगलेली, भिंती चित्रांनी वरपासून खालपर्यंत भरलेल्या, चित्रं फ्रेम न करता नुसती टाचण्यांनी लावलेली, टेबलावर पुस्तकांचे ढीग, सिगारेटच्या थोटकांनी भरलेला अ‍ॅशट्रे, आणि काचेच्या बरण्यांत वापरून वापरून बोटाच्या पेराएवढे उरलेले पेन्सिलचे तुकडे. आई त्या बरणीसमोर उभी. मला वाटलं पाय दुखतायत म्हणून थांबली. तर म्हणाली, "आमच्या स्टाफरूममध्ये मी असे तुकडे साठवायचे तर हेडमास्तर म्हणायचे बाई हे भंगारात द्या."

पुढे बॅकग्राउंडची चित्रं. ढग, शेतं, पावसानंतरची वाट. मी म्हटलं काय सुंदर वॉटरकलर आहे ना. आई नाकाला काच लागेल इतकी जवळ गेली. "वॉटरकलर कुठलं गं. हे पोस्टर कलर आहेत. अपारदर्शक आहे, खालचा हिरवा झाकून वरून पिवळा टाकलाय." मी म्हटलं आई, जगातला एवढा मोठा स्टुडिओ पोस्टर कलर वापरेल का, शाळेतली पोरं वापरतात ते. घरी येऊन शोधलं तर जिब्लीची बॅकग्राउंडं खरंच पोस्टर कलरमध्येच होतात, निकर नावाच्या जपानी कंपनीच्या बाटल्या. आईने कॅम्लिनच्या बाटल्यांवर आयुष्य काढलंय, तिला इंटरनेट लागलं नाही.

स्टोरीबोर्डच्या जाडजूड फाइल्स ठेवल्यात त्या उघडून बघता येतात. तिने दोन फाइल्स पानन् पान उलटल्या. जपानी एक अक्षर येत नाही. मध्येच हसायची. मी किती वेळ उभी राहणार, खाली जाऊन आले, दुकानात डोकावून आले (गर्दी! आणि किमती!), परत आले तर बाई तिथेच.

थिएटर छोटं आहे, ८० एक सीटचं, फक्त इथेच दाखवतात अशा छोट्या फिल्म्स लागतात, एका तिकिटावर एकदाच. आम्हाला 'मेई आणि कोनेकोबस' मिळाली, तोतोरोतल्या छोट्या मेईला मांजर-बसचं पिल्लू भेटतं ती. सबटायटल नाहीत पण लागतही नाहीत. एक अगडबंब म्हातारी मांजर येते तेव्हा लेकीने आजीकडे बघितलं आणि आजीने तिला चिमटा काढला. संपल्यावर खिडक्यांची झाकणं आपोआप उघडतात आणि ऊन आत येतं, हे मला फार आवडलं.

गच्चीवर 'लापुता' सिनेमातला पाच मीटरचा रोबोट आहे, तिथे फोटो चालतात, तिथली रांग म्हणून मोठी. मऊमऊ मांजर-बसमध्ये फक्त बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सोडतात. मी बाहेर उभी राहून बघत होते आणि मला प्रामाणिकपणे वाईट वाटत होतं, वय वर्षे एकेचाळीस. अंगणात एक हापसा आहे. खरा, पाणी येणारा हापसा! जपानी पोरं तो कसाबसा ओढत होती, आई पुढे झाली, आधी दोन हलके झटके आणि मग एक लांब, धो धो पाणी. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

कॅफेची रांग बघून नाद सोडला आणि बाहेर इनोकाशिरा पार्कच्या बाकावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

रात्री उशिरा स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून उठले तर आई लेकीच्या चित्रकलेच्या वहीत ते टेबल काढत बसली होती. आठवणीतून. अ‍ॅशट्रे, बरण्या, टांगलेली विमानं, खिडकी कुठल्या बाजूला, भिंतीवर टाचणी कुठे वाकडी होती. त्यातलं निम्मं मी पाहिलंच नव्हतं. फोन हातात असता तर आम्ही तिथे तीन मिनिटं थांबून पुढे गेलो असतो.

बाकी माहिती कुणाला हवी असेल तर विचारा, जमेल तसं सांगते.

---

चिंचोका

मस्तच लिहिलंय. हापसा वाचून हसून हसून पुरेवाट. आम्ही एप्रिलमध्ये जातोय, भारतातून तिकीट कसं काढायचं? तिथे जाऊन मिळेल का?

---

कोरांटी

@चिंचोका, तिथे जाऊन अजिबात मिळत नाही, दारात तिकीटविक्रीच नाही. दर महिन्याच्या १० तारखेला जपानच्या सकाळी १० वाजता पुढच्या महिन्याची सगळी तिकिटं एकदम सुटतात, म्हणजे भारतात साडेसहा. एप्रिलसाठी १० मार्चला उठायचं. लॉसन तिकीटच्या साइटवर आधी रांगेत उभं करतात, नंबर आला की तारीख आणि तास निवडायचा. मोठ्यांना १००० येन, तेरा ते अठरा ७००, शाळकरी मुलांना ४००, चार ते सहा वर्षं १००, त्याखाली फुकट. दिलेल्या तासाच्या आत आत शिरायचं, बाहेर कधीही पडा. मंगळवारी बंद. आणि ज्याच्या नावावर तिकीट तो माणूस पासपोर्टसकट हजर पाहिजे.

---

वाट_चुकलेला

शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहा ताई. आम्ही ते केलं नाही. एका वेबसाइटवरून चौपट पैसे देऊन तिकिटं घेतली, त्यावर नाव कुणा तिसऱ्याचंच. दारातल्या मुलीने इतक्या नम्रपणे, इतक्या वेळा वाकून नाही म्हटलं की भांडताही येईना. खोट्या खिडकीतल्या तोतोरोबरोबर फोटो काढला आणि परत फिरलो. बायको अजून तो फोटो दाखवून टोमणे मारते.

पण त्या दिवशी वेळ मोकळा मिळाला म्हणून इनोकाशिराच्या तळ्यावर गेलो, तिथे बेटावर लाल देऊळ आहे, बेंझाइतेनचं. पाटी वाचायला अ‍ॅप लावलं तर कळलं की ही आपली सरस्वती! वीणेच्या जागी बिवा हे जपानी तंतुवाद्य. तळ्यात हंसाच्या आकाराच्या होड्या आहेत आणि समजूत अशी की जोडप्याने होडीत बसलं तर देवी मत्सराने त्यांना वेगळं करते. आम्ही बसलो. अजून एकत्र आहोत, देवीला मराठी संसाराची कल्पना नसावी.

---

कोरांटी

@वाट_चुकलेला 😄 आईला आत्ताच सांगितलं, म्हणते "सरस्वतीच्या तळ्याकाठी दशम्या खाल्ल्या आणि तू मला बोलली नाहीस." मला तरी कुठे माहीत होतं.

---

खडूस_काका

सगळे एवढं कौतुक करतायत म्हणून वेगळं मत नोंदवतो. मी गेलो होतो २०१९ला. दोन तासांत संपलं. कुठेच काही समजावून सांगत नाहीत, पाट्या जपानीत, फोटो नाही, खायला रांग, दुकानात धक्काबुक्की. मुलं लहान असतील तर सरळ डिस्नेला न्या. हा सगळा हाइप आहे असं माझं प्रामाणिक मत.

---

अमृतांजन

काका, तुमचंही बरोबर आहे की. ज्याने एकही सिनेमा पाहिला नाही त्याला तो रोबोट म्हणजे गच्चीवर गंजलेली टाकी.

---

खडूस_काका

पण लेखातल्या आजींनी पण एकही पाहिला नव्हता ना. मग?

---

अमृतांजन

आजींकडे ३१ वर्षांच्या पेन्सिली होत्या काका. तुमच्याकडे कॅमेरा होता.

---

खडूस_काका

घेतलं. 🙏

---

तंतुवाद्य

फिरत्या चकतीबद्दल थोडं. त्याला झोएट्रोप म्हणतात. दिव्याची उघडझाप आणि चकतीची गती जुळवतात, म्हणजे दिवा लागतो त्या प्रत्येक क्षणी आधीच्या मूर्तीच्या जागी बरोब्बर पुढची मूर्ती आलेली असते, मधला सरकण्याचा भाग अंधारात जातो, म्हणून डोळ्याला एकच मूर्ती हलल्यासारखी वाटते. जुन्या ट्यूबलाइटखाली पंखा बंद होताना मध्येच उलटा फिरल्यासारखा दिसायचा ना, त्याचंच हे सख्खं भावंड. पिक्सारवाल्यांनी हे मिताकाचं यंत्र बघूनच आपल्या टॉय स्टोरीचा झोएट्रोप बनवला.

आणि कोरांटीताई, तुमचं गवत म्हणजे सिनेमाचा एक अष्टमांश सेकंद आहे. सेकंदाला २४ फ्रेम, तुमच्याकडे ३. जपून ठेवा.

---

नाशिककर_जुना

अवांतर: हा विषय निघाला की आपल्या फाळक्यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. राजा हरिश्चंद्रच्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याचं रोप वर येताना थोडं थोडं टिपून 'अंकुराची वाढ' केली, पैसे लावणाऱ्यांना पटवायला. आणि १९१५च्या सुमाराला काडेपेटीतल्या काड्या थोड्या थोड्या सरकवून 'आगकाड्यांची मौज'. हेच तंत्र, एकेक चित्र. आपल्याकडे त्या कुंडीचं, त्या टेबलाचं असं म्युझियम असायला काय हरकत होती. असो, चालू द्या.

---

रविवार_सकाळ

मला तर जिब्ली म्हटलं की दूरदर्शनवरचा मोगली आठवतो! चड्डी घातलेलं फूल! तो पण यांचाच ना? म्युझियममध्ये मोगली आहे का?

---

तंतुवाद्य

नाही हो, मोगली निप्पॉन अ‍ॅनिमेशनचा, १९८९चा. पण तुमचा धागा अगदीच तुटलेला नाही, जिब्ली १९८५ला सुरू व्हायच्या आधी मियाझाकी आणि जिब्लीचे दुसरे दिग्दर्शक ताकाहाता दोघांनी निप्पॉन अ‍ॅनिमेशनसाठी मालिका केल्या होत्या, मियाझाकींची 'फ्यूचर बॉय कोनान' १९७८ची. आणि जपानी रामायण, युगो साको आणि आपले राम मोहन यांचं, ते पण जिब्लीचं नाही, तेही लोक खुशाल ठोकून देतात. ते २०२५च्या जानेवारीत आपल्याकडे थिएटरला परत लागलं होतं, मी पाहिलं, शेजारच्या आजी युद्धाच्या सीनला हात जोडून बसल्या होत्या.

---

पेठेतली

उच्चार नक्की काय? आमच्या जपानीच्या क्लासच्या सेन्सेई 'जिबुरी' म्हणतात, भाचा 'गिबली' म्हणतो आणि वर मलाच हसतो.

---

तंतुवाद्य

दोघंही बरोबर. मूळ शब्द लिबियातला, सहारातल्या गरम वाऱ्याचा, तो इटालियन लोकांनी विमानाला दिला आणि विमानवेड्या मियाझाकींनी तिथून उचलला. इटालियनमध्ये 'ग', जपानीत 'ज' पडला तो पडलाच.

---

अमृतांजन

सांगलीत जिलबी.

---

दोन_पिल्लांची_आई

मुलांना जायच्या आधी कुठले सिनेमे दाखवावेत? माझी सहा आणि नऊ वर्षांची. नेटफ्लिक्सवर सगळेच दिसतायत. मी अल्फाबेटनुसार सुरू करणार होते पण कुणीतरी काजव्यांचा ('ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज') लावू नको म्हणालं.

---

कोरांटी

अगं अजिबात लावू नकोस तो, निदान आत्ता नको. युद्धात अनाथ झालेल्या भावाबहिणीचा आहे, मी अजून दुसऱ्यांदा बघू शकलेले नाही. गंमत म्हणजे तो आणि तोतोरो १९८८ला जपानात एकाच दिवशी, एकाच तिकिटावर जोडीने लागले होते, त्या प्रेक्षकांचं काय झालं असेल देव जाणे. सहा वर्षांच्या पिल्लाला तोतोरो आणि पोन्यो, नऊच्याला किकी आणि लापुता. म्युझियमसाठी एवढ्यावर भागतं. दुकानाचं नाव 'मामा आयुतो' का आहे ते कळायला पोर्को रोसो, पण तो आपल्यासाठी.

---

चिंचोका

नागोयाजवळ जिब्ली पार्क पण झालंय ना? दोन्ही करावं की एकच?

---

वाट_चुकलेला

पार्कला गेलोय मी (या वेळी स्वतःच्या नावाने तिकीट काढून!). नागाकुतेला, २००५च्या एक्स्पोच्या जागेवर आहे, २०२२च्या नोव्हेंबरात उघडलं. मोठ्या राइड्स काही नाहीत, बहुतेक नुसतं चालणं. तोतोरोतल्या सात्सुकी आणि मेई या बहिणींचं घर एक्स्पोच्या वेळेपासूनचंच आहे, त्यातले कपाटाचे खण उघडून बघता येतात, आत घडी घातलेले कपडे. तिथे मोठी माणसं पण मांजर-बसमध्ये बसतात, कोरांटीताईंनी नोंद घ्यावी. वेळ कमी असेल तर मिताका, टोकियोतच आहे म्हणून.

---

स्क्रोलबाबा

एवढी यातायात कशाला, २०२५च्या मार्चमध्ये सगळ्यांनी एआयवर आपापले फोटो जिब्ली करून टाकलेच की. माझ्या सासऱ्यांचा तर फारच गोड आला होता.

---

पेठेतली

तुमच्या सासऱ्यांची टाचणी कुठे वाकडी होती का त्यात?

---

दोन_पिल्लांची_आई

@पेठेतली 😂😂

कोरांटी, ते आईंचं वहीतलं चित्र टाक ना इथे. सगळ्यांना बघायचंय.

---

नाशिककर_जुना

+१. चित्र पाहिजे.

---

खडूस_काका

+१. मलाही बघायचंय. मी त्याच खोलीतून गेलो होतो आणि मला फक्त एसी चालू होता एवढं आठवतंय.

---

कोरांटी

विचारलं. अ‍ॅशट्रेचा लंबगोल चुकलाय म्हणते, आणि खिडकीच्या बाजूच्या बरण्या दोन होत्या की तीन यावर तिचं आणि लेकीचं अजून भांडण चालू आहे. दुरुस्त केल्याशिवाय कुठेही टाकायचं नाही असं बजावलंय. लेक म्हणते परत जाऊन मोजू या. म्हणजे आता येत्या १० तारखेला पुन्हा तीन स्क्रीन घेऊन बसणं आलं.